आर्वीहून लाहोर, गळ्यातल्या गळ्यात

आधी एक तंबोरा घ्या आणि वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या जुन्या रुळांवर आडवा ठेवा. मावणार नाही! रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. गवयाचा तंबोरा चांगला साडेचार-पाच फुटांचा. भोपळा या रुळाबाहेर आणि खुंट्या त्या रुळाबाहेर. अशा चिंचोळ्या वाटेवरून आमची शकुंतला नावाची आगगाडी धावायची. धावायची म्हणणं प्रेमाचं झालं, चालायची म्हणू. आर्वी ते पुलगाव, ३५ किलोमीटर, १९१७ सालची लाईन. ताशी वीसचा वेग धरला तर पावणेदोन तास. आता आर्वीच्या फलाटावर कुणी षड्ज लावला आणि तो वाटेत विरला नाही असं घटकाभर समजा. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, तेव्हा तो पुलगावला किती वेळात पोचेल? एक मिनिट त्रेचाळीस सेकंदांत! गाडीला तास पंचेचाळीस, सुराला मिनिट त्रेचाळीस. आकडे जवळपास तेच, फक्त तासाचं मिनिट झालं आणि मिनिटाचा सेकंद.

या शकुंतलेच्या दोन थोरल्या बहिणी मूर्तिजापूरहून सुटायच्या. एक यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरी अचलपूरला, ७६ किलोमीटर. तिघींची बेरीज २२४. मुंबई-पुणे रेल्वेने १९२. म्हणजे कापसाच्या गासड्या वाहायला घातलेले हे अडीच फुटी रूळ मुंबईहून अंथरले असते तर पुणं ओलांडून आणखी ३२ किलोमीटर पुढे गेले असते.

याच मूर्तिजापुरात २ मे १९२० रोजी एक मूल जन्माला आलं. वसंत देशपांडे. पुढे ज्याने ख्याल गायला, ठुमरी गायली, नाट्यगीत, लावणी, सिनेमातलं गाणं, सगळं गायलं आणि कुठल्याही एका खणात बसायला नकार दिला, तो हा माणूस. म्हातारपणचे वसंतराव सगळ्यांना माहीत असतात. मला मोजायचाय तो त्याआधीचा, नाव व्हायच्या आतला पोरगा. आर्वीत बसून मूर्तिजापूरचा गवई कशाला मोजायचा, असं कुणी विचारील. अहो, आर्वीहून मूर्तिजापूर पुलगावमार्गे जेमतेम १४२ किलोमीटर. मुंबईकराला पुणं जेवढं जवळ वाटतं त्याहून आम्हाला मूर्तिजापूर पन्नास किलोमीटरनी जवळ!

तर मोजू या. मोजायला माप हवं, आणि ते गवयाच्या गळ्यातच आहे.

पुरुषाच्या गळ्यातले स्वरतंतू लांबीला दोन-अडीच सेंटिमीटर, बोराच्या एका बीपेक्षा फार मोठे नव्हेत. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज लागला की ते सेकंदाला १३९ वेळा थरथरतात. तार षड्जाला २७७ वेळा. तुमची पापणी एकदा लवायच्या आत त्यांच्या डझनावारी फेऱ्या होतात. का, कसं, कुठला स्नायू ओढतो, ते डॉक्टरांवर सोडू. आपण सरासरी २०० धरू. रियाज रोज सहा तासांचा धरू. गवयांच्या घरात हा काही फार नाही. त्यात श्वास, थांबणं, तंबोरा जुळवणं, गुरुजींचे बोल खाणं यात निम्मा वेळ गेला, तरी तीन तास गळा वाजला. तीन तासांचे १०,८०० सेकंद. गुणिले २००. एकवीस लाख साठ हजार थरथरी! एका दिवसात! वर्धा जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या तेरा लाख. माणशी एकेक थरथर वाटली तरी आठ लाख उरतात आणि उद्या रियाज परत आहेच.

आता गंमत पाहा. प्रत्येक थरथरीत तंतूची कड साधारण एक मिलिमीटर जाते आणि एक मिलिमीटर परत येते. दोन मिलिमीटर. साखरेच्या दाण्यावरून मुंगी उतरावी एवढं अंतर. एकवीस लाख साठ हजाराला दोनाने गुणा. तेहतीस कोटी देवांची शपथ, मी तीनदा गुणलं. ४,३२० मीटर. जागेवर मांडी घालून बसलेला पोरगा गळ्यातल्या गळ्यात रोज सव्वाचार किलोमीटरांवर चालतो! हा ४,३२० लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

मग आर्वीच्या फलाटावर या पोराला बसवू आणि त्याचा गळा शकुंतलेच्या रुळांवर सोडून देऊ. पहिल्या दिवशी सव्वाचार किलोमीटर. चौथ्या दिवशी जवळजवळ अर्धी वाट मागे. आठव्या दिवशी संध्याकाळी ३४.५६ किलोमीटर. पुलगाव स्टेशन ४४० मीटरवर, समोर दिसतंय. नवव्या दिवशी थोडं गायलं की गाडी फलाटाला लागली. असाच जाऊ दिला तर पंचेचाळिसाव्या दिवशी मुंबईहून पुणं. दीड महिन्यात, मांडी न मोडता.

चहाच्या टपरीवर मी ही आकडेमोड करत होतो तेव्हा शेजारचे काका डोकावून म्हणाले, “काय भाऊ, कापसाचा हिशेब लावून राहिले का?” मी म्हटलं, गळ्याचा. ते सरकून बसले.

त्यांना आणखी चमकवायला मी श्वासाचा हिशेब काढला. मिनिटाला दहा लिटर हवा धरा. सहा तासांची झाली ३,६०० लिटर, म्हणजे डिझेलच्या दोनशे लिटरवाल्या अठरा टाक्या. वर्षाची तेरा लाख लिटर. आता आपल्याकडची वीस फूट रुंद नि चाळीस फूट खोल विहीर घ्या. तिच्यात साडेतीन लाख लिटर मावतं. वर्षाला पावणेचार विहिरी! सात वर्षं गायला तर सव्वीस विहिरी काठोकाठ, आणि सगळ्या छातीतून आत-बाहेर झालेल्या. एवढ्या विहिरी म्हणजे एका खेड्याच्या शिवारातल्या सगळ्याच झाल्या की!

आणि एवढं करून आवाजाची ताकद किती? इथे मात्र आकडा उलटा धावतो. साध्या बोलण्यात एका वॅटचा जेमतेम लाखावा भाग. साठ वॅटचा एक बल्ब बोलण्यावर पेटवायचा तर साठ लाख माणसं एकदम बोलायला हवीत. अख्खा वर्धा जिल्हा तेरा लाखांचा. असे साडेचार वर्धा जिल्हे उभे करा, सगळ्यांना एका सुरात भांडायला लावा, तेव्हा कुठे एक बल्ब मिणमिणेल. भरात आलेला गवई याच्या हजारपट धरला तरी सहा हजार गवई लागतील. सहा हजार गवई एका मांडवात! बल्ब पेटेल की नाही ठाऊक नाही, पहिला कोण गाणार यावरून मात्र ठिणग्या नक्की उडतील.

पोरगा वाढला नागपुरात. मूर्तिजापूर ते नागपूर रेल्वेने सव्वादोनशेच्या आत-बाहेर, म्हणजे एक मुंबई-पुणे आणि वर थोडं. आईने एकटीने वाढवलं. गाणं शिकायला शंकरराव सप्रे मास्तर. ते विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. याच सप्रे मास्तरांकडे आणखी एक पोरगा शिकायचा, राम चितळकर. पुढे सगळा देश त्याला सी. रामचंद्र म्हणून ओळखू लागला. एका मास्तरांच्या चटईवर दोन पोरं; एक सिनेमाला गेलं आणि एक सगळीकडेच गेलं.

सिनेमा वसंतालाही भेटला. भालजी पेंढारकरांनी त्याला ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण केलं. साल १९३५, वय पंधरा. बोलपट तेव्हा चार वर्षांचं पोर. बोलपटात सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. तीन मिनिटांच्या गाण्याला १८० सेकंद. चोवीस गुणिले एकशेऐंशी किती? ४,३२०!

आला की नाही? गळ्याचे दिवसाचे मीटर ४,३२० आणि एका गाण्याची चित्रं ४,३२०. फुटाला सोळा चित्रं या हिशेबाने ती फीत २७० फूट, म्हणजे ८२ मीटर. कुतुबमिनारावरून खाली सोडली तर जमिनीवर लोळून नऊ-दहा मीटर उरेल. एका गाण्याची! आणि त्या प्रत्येक चित्रात गळ्याच्या आठेक थरथरी मावतात. पडदा आपल्याला हलताना दिसतो. त्या एका हालचालीत गळा आठ वेळा जाऊन आलेला असतो.

मग पोरगा गेला लाहोरला. नागपूर ते दिल्ली १,०९० किलोमीटर, दिल्ली ते अमृतसर साडेचारशे, तिथून पुढे पन्नास. सगळे मिळून १,५९०च्या घरात. सव्वाआठ वेळा मुंबई-पुणे! आज मध्ये तारेचं कुंपण आहे; तेव्हा तिकीट काढलं की झालं. तिथे त्याला पतियाळा घराण्याचे असद अली खाँ भेटले, आणि खाँसाहेबांनी त्याच्याकडून मारवा हा एकच राग महिनोन्महिने घोटून घेतला असं सांगतात.

एकच राग! महिनोन्महिने! हे ऐकून आपल्यासारख्या हिशेबी माणसाचा हात वळवळतो. एका रागात असं असतं तरी किती?

यासाठी तेराव्या शतकात, देवगिरीला जाऊ. यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा. हा गृहस्थ दरबारात कोण होता? हिशेब खात्याचा प्रमुख! श्रीकरणाधिप. दिवसा राज्याचा जमाखर्च, आणि ग्रंथात सुरांचा. सात स्वर किती तऱ्हांनी उलटसुलट मांडता येतात ते त्याने मोजून ठेवलंय: ५,०४०. यांना कूटताना म्हणतात. द्रुत तानेत सेकंदाला आठ स्वर धरले तर या सगळ्या तासा-सव्वातासात गाऊन संपतात. एका मैफलीचा पूर्वार्ध. बाराही स्वर घेतले तर मात्र गणित उधळतं. मांडण्या होतात ४७ कोटी ९० लाख, आणि न थांबता, न जेवता, न झोपता गायलं तर पावणेतेवीस वर्षं. रोज सहा तास गायलं तर ९१ वर्षं. शार्ङ्गदेव सातावर थांबला ते बरं केलं.

मारव्यात पंचम नाही. उरले सहा स्वर. सहांच्या मांडण्या ७२०. प्रत्येकीत सहा स्वर, म्हणजे एकूण स्वर किती?

४,३२०.

मी पेन्सिल खाली ठेवली. गळ्याचे मीटर, सिनेमाची चित्रं, मारव्याचे स्वर, तिघांनी एकच सोंग घेतलेलं. वर पंचांगवाले सांगतात की कलियुग ४,३२,००० वर्षांचं! यात दैवी काही नाही. सहा, चोवीस, साठ ही सगळी एकमेकांची भावंडं आहेत, गुणाकार केला की तोंडावळा सारखाच निघतो. तरी अंगावर काटा आला तो आलाच, त्याला मी काय करू?

पण हिशेब पुरा करू. ४,३२० स्वर, सेकंदाला आठ. ५४० सेकंद. नऊ मिनिटं! मारवा नऊ मिनिटांत संपला! मग खाँसाहेब महिनोन्महिने काय करत होते?

इथे आपली मोजणीच भाबडी होती. आपण प्रत्येक स्वर एकदाच येऊ दिला. गाणारा असं कुठे करतो? तो धैवतावर तीनदा जातो, कोमल रिषभाला पुन्हा पुन्हा डिवचतो, षड्जाला हात लावतो न लावतो तोच परततो. तर तीनतालाच्या सोळा मात्रा घ्या, प्रत्येक मात्रेवर एक स्वर ठेवा, आणि सहापैकी कुठलाही, कितीदाही येऊ द्या. आता सहाला सहाने गुणत चला, सोळा वेळा सहा. दोन सहा झाले ३६. चार झाले १,२९६. आठव्याला सोळा लाख ऐंशी हजार, म्हणजे वर्धा जिल्हा पार. दहाव्याला सहा कोटी. बाराव्याला २१७ कोटी, सगळा भारत मागे पडला. सोळाव्याला दोन लाख ब्याऐंशी हजार कोटी! हा अर्थसंकल्पातला आकडा नव्हे, ही एका रागाच्या एका आवर्तनातल्या तानांची संख्या आहे.

तानेला एक रुपया बिदागी द्या. एकेक रुपयाच्या नोटा एकावर एक रचा, नोट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाड. चवड आर्वीच्या घरांवरून जाईल, ढगांवरून जाईल, २,८२,००० किलोमीटर वर जाईल. चंद्र ३,८४,००० वर. जवळजवळ तीन चतुर्थांश वाट नोटांनी चढून झाली! मुंबई-पुण्याच्या फेऱ्यांत सांगायचं तर चौदाशे एकोणसत्तर. आणि गायला वेळ किती? एका तानेला दोन सेकंद. वर्षं एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार!

जाणकार म्हणतील, थांबा हो, मारव्याचं चलन असल्या वेड्यावाकड्या ताना चालवून घेत नाही. बरोबर आहे. टाका फेकून. निम्म्या नको, शंभरातल्या नव्याण्णव फेका. उरलेल्या एका टक्क्याला १,७८८ वर्षं लागतात. म्हणजे पैठणला सातवाहनांची सत्ता मावळली त्या सुमारास गायला बसलेला गवई आत्ता कुठे तोंड पुसत उठतोय, आणि खाँसाहेबांनी यातून नेमकं काय घ्यायचं ते पोराला काही महिन्यांत दाखवलं! मला आता महिने फार वाटत नाहीत. उलट इतक्यात कसं उरकलं, असं वाटतं.

गळ्याचा हिशेब मात्र अर्धवट राहिला होता. आर्वीहून नवव्या दिवशी पुलगावला पोचलेला तो गळा, त्याला वर्षभर चालू दिला तर? ४,३२० मीटर गुणिले ३६५. पंधराशे शहात्तर किलोमीटर आणि आठशे मीटर. नागपूर ते लाहोर १,५९०! म्हणजे वर्षभर रियाज करणारा पोरगा गळ्यातल्या गळ्यात नागपूरहून निघून लाहोरच्या वेशीवर येऊन उभा राहतो. मी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “बाप्पा! अन् तिकीट?”

शिकणं लाहोरला संपलं नाही. सप्रे मास्तर, असद अली खाँ, किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजाराचे अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर, रामकृष्णबुवा वझे. सहा गुरू, आणि दीनानाथ मंगेशकरांची मोहिनी वेगळीच. ती यात धरत नाही, ती मोजण्याजोगी नव्हतीच. सहांतून कधी एकाचा रंग घ्यावा, कधी दोघांचा, कधी पाचांचा, कधी सहाही एकत्र. अशी किती मिश्रणं होतात? त्रेसष्ट. वसंतराव ३० जुलै १९८३ला गेले तेव्हा वय काय होतं ते काढून पाहा. त्रेसष्ट. वर्षाला एक! घराण्याचा सोवळेपणा जपणारे याला भेसळ म्हणत असत. मला विचाराल तर एका घराण्यात एक मिश्रण आणि त्यांच्याकडे त्रेसष्ट. कंजूष कोण ते तुम्हीच ठरवा.

आता या कहाणीतला सगळ्यात उदास आकडा. एवढा गळा घेऊन हा माणूस पुण्यात करत काय होता? कारकुनी. लष्करी हिशेब खात्यात, दोन दशकांहून अधिक काळ. शार्ङ्गदेवाला निदान खात्याचं प्रमुखपद होतं. याला टेबल आणि फाइल. वीसच वर्षं धरू. वर्षाला २८० दिवस, दिवसाला सात तास. ३९,२०० तास. चौदा कोटी अकरा लाख सेकंद. सेकंदाला आठ स्वर. एकशे बारा कोटी एकोणनव्वद लाख साठ हजार स्वर, जे कचेरीच्या वेळेत गायले गेले नाहीत! ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आलं ते पार १९६७ साली. लिहिलं नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, नाटकातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. कृष्ण झाल्याला तोवर बत्तीस वर्षं उलटली होती. वय सत्तेचाळीस.

तर हे न गायलेले स्वर वाटून टाकू. २००१च्या शिरगणतीत भारतात १०२ कोटी ८७ लाख माणसं. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत माणशी एक. वाटून झालं. दहा कोटी दोन लाख उरले. महाराष्ट्राला दुसरा द्या, ९ कोटी ६९ लाख गेले. अजून तेहतीस लाख शिल्लक! वर्धा जिल्ह्याला तिसरा द्या, बारा लाख सदतीस हजार गेले. तरी झोळीत एकवीस लाख. ते आता कुणाला द्यायचे? आर्वीला. चाळीसेक हजार माणसं, माणशी पन्नासाच्या वर. तीनतालाची तीन आवर्तनं भरतात आणि समेवर यायला दोन-चार स्वर हातात राहतात.

एकेकाला आपला वाटा गायला वेळ लागेल साडेसहा सेकंद. तेवढ्यात शकुंतला आर्वीच्या फलाटावरून छत्तीस मीटर सरकायची. धावत येणारा माणूस अजून शेवटचा डबा पकडू शकायचा.